धाकटीची ओटी

मावशींच्या शिव्या कानावर पडल्याशिवाय आमच्या वीजघरातला दिवस सुरू होत नसे. डेअरीला दूध घालून परत जाताना त्या फाटकाशी थांबायच्या, रिकामी किटली कमरेला टेकवायच्या आणि आत बघून गावभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारायच्या, "काय गं भवाने, अजून बसूनच हायस व्हय? लोकं कामाला लागली, तुला लाज न्हाई वाटत?"

नोकरीच्या पहिल्याच सकाळी हे ऐकून मी खुर्चीतून ताडकन उठले. मी तेव्हा नुकती इंजिनिअर होऊन लातूरकडून आले होते, आणि साहेबी खुर्चीत बसायची सवय अजून अंगाला लागायची होती. आमचे जुने ऑपरेटर, ज्यांना सगळे दादाच म्हणत, ते चहा ओतता ओतता हसले. "बसा मॅडम. तुमाला न्हाई. धाकटीला बोलत्यात त्या. सवत हाय ती त्यांची."

धाकटी म्हणजे मशीन. भोर आणि वेल्ह्याच्या डोंगरांत, एका लहानशा नदीवर, संस्थानच्या काळात बांधलेलं आमचं दगडी धरण आहे. पानशेत बघून आलेल्या माणसाला ते धरण वाटतच नाही. वाट चुकून आलेले पुण्याचे पाहुणे गाडीतून उतरायचे, फोटो काढायचे आणि "एवढंसंच?" असं म्हणायचे. पण त्या एवढ्याशा धरणाच्या पायथ्याशी वीजघर आहे, आणि त्यात दोन जुनी मशीनं. त्यांची नावं कागदोपत्री काय आहेत ते मलासुद्धा सारखं विसरायला व्हायचं, कारण सगळा गाव त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायचा. थोरली अजून फिरत होती. धाकटी कित्येक वर्षं बंद होती, आणि तिच्या अंगावर ताडपत्री घातलेली होती.

मावशींचे यजमान धाकटीचे फिटर. ते गेले त्यालाही बरीच वर्षं झाली होती. मावशींचा संसार झाला तो नवरा आणि धाकटी या दोघांच्या मध्ये, असं त्या स्वतःच सांगायच्या, आणि सांगताना त्यांना भलताच जोर चढायचा. लग्नानंतरचा सत्यनारायण चालू होता. चौरंग मांडलेला, नवरा-नवरी पाटावर, उपरण्याची गाठ बांधलेली. तेवढ्यात वीजघरातून माणूस धावत आला की धाकटी अडली. नवऱ्यानं उपरणं काढून पाटावर ठेवलं आणि तो निघून गेला.

"भटजी म्हनले, थांबून कसं चालंल, म्हूर्त टळंल. त्यांनी ह्यांच्या पाटावर सुपारी ठिवली," मावशी सांगायच्या. "माजा संसार सुपारीसंगं सुरू झाला बघ, आन त्यांचा त्या टवळीसंगं."

यानंतर एक शिवी यायची, ती इथं लिहिता येणार नाही.

मला त्यांच्या घरी खोली मिळाली तीसुद्धा मुलाखत देऊन. गावात माझी चौकशी सगळ्यांनी केली होती. आईवडील काय करतात, लग्न कधी करणार, मटण खाते का. मावशींनी यातलं काही विचारलं नाही. ओट्यावर बसवून त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "तू मशिनीला शिव्या देतीस?"

मी म्हटलं, "नाही."

"देऊ पण नगंस. तो मान माजा हाय." आणि त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली.

दिसायला त्या ठेंगण्या, रंगानं उन्हात रापलेल्या, पण चाल अशी की मागून जाणाऱ्याची दमछाक व्हावी. शेतात जाताना लुगड्यावर नवऱ्याचा जुना खाकी सदरा चढवायच्या. सदऱ्याच्या खिशात तंबाखूची डबी, मोबाईल आणि एक पाना. पाना कशाला, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "न्हाई लागत कुठं, पर असू दी. जड लागतंय खिशाला. बरं वाटतं."

विजेबाबत त्यांची काही मतं होती, आणि त्यांतलं एकही मत बदलायला त्या तयार नसत. आमच्या धरणाची वीज चांगली आणि बाहेरून येणारी वीज हलकी, हे त्यातलं पहिलं. मी त्यांना समजावून सांगायचा प्रयत्न केला की एकदा तारेत गेली की सगळी वीज सारखीच. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "उत्रोलीचा तांदूळ आन दुकानातला तांदूळ एका पोत्यात घातला तर त्यो सारखा हुतो व्हय?" मी पुन्हा तोंड उघडेपर्यंत त्या उठून कामाला लागल्या होत्या.

दुसरं मत असं की दिवसाढवळ्या दिवा जळणं म्हणजे पाप. हे पाप दिसलं की त्या पुढचामागचा विचार न करता बटण दाबायच्या. बँकेत, एसटी स्टँडवर, देवळात, डॉक्टरच्या खोलीत पेशंट झोपलेला असताना. विंझरला त्यांच्या भाच्याच्या लग्नात भर दुपारी मांडवभर रोषणाई लावलेली होती. मंगलाष्टकं चालू, अक्षता हातात, आणि मावशी हळूच मागं सटकल्या. पाचव्या मंगलाष्टकाला भटजींचा माईक गेला, पंखे गेले, व्हिडिओवाल्याचा दिवा गेला आणि नवरीच्या भावाच्या मोबाईलचं चार्जिंगही गेलं. मांडवात हलकल्लोळ. मेन स्विचपाशी मावशी उभ्या, तोंडावर पश्चात्तापाचा मागमूस नाही. "उजेड काय कमी हाय का रं हितं? देवानं सूर्व्या कशाला ठिवलाय?" भाचा पुढं सहा महिने त्यांच्याशी बोलत नव्हता. लग्नाचा व्हिडिओ मात्र तेवढ्यामुळं सगळा तालुका बघतो.

एवढं सगळं असून नवरात्रातल्या खंडेनवमीला मावशी वीजघरात यायच्या त्या नटून. त्या दिवशी आम्ही यंत्रांची पूजा करायचो. झेंडूची माळ, हळदकुंकू, नारळ. मावशी थोरलीला एक खण द्यायच्या आणि धाकटीला साडी-खण-नारळ, साग्रसंगीत. ताडपत्री बाजूला करून तिच्या गार लोखंडाला कुंकू लावायच्या. मी त्यांना चिडवलं, "मावशी, सवतीचे एवढे लाड?"

"सवत हाय म्हनूनच. दुसऱ्या बाईला कशाला दिऊ?" आणि कुंकू लावता लावता पुटपुटल्या, "घे मेले. नेस."

पूजेनंतर पेढे खाता खाता दादांनी मला एक गोष्ट सांगितली, मावशींना ऐकू जाणार नाही अशी. मावशींचे यजमान घरात अबोल होते. जेवायला वाढलं की जेवायचे, विचारलं तर हूं म्हणायचे. पण इथं मशीनपाशी आले की तोंडाची टकळी चालू. तेल घालता घालता, नट आवळता आवळता, धाकटीशी तासन् तास बोलायचे. घरचं, दारचं, पिकाचं, पाहुण्यांचं. मशीन फिरत असलं की एवढा आवाज असतो की शेजारी उभ्या माणसाला शब्द कळत नाहीत. नुसते ओठ हलताना दिसायचे. ते काय बोलतात हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

मावशींना हे माहीत होतं. लग्नापासून माहीत होतं.

पुढच्या वर्षी पावसाळ्याच्या आधी वरच्या ऑफिसातून निरोप आला. धाकटी भंगारात काढायची की ठेवायची हे ठरवायला दसऱ्यानंतर समिती येणार. त्यांच्यासमोर ती विजेचा पूर्ण भार घेऊन चालली तर ठेवायची, नाहीतर लिलाव. संध्याकाळी मी मावशींना हे सांगितलं. त्या चुलीपुढं भाकरी थापत होत्या. थापता थापता हात थांबला.

मला वाटलं होतं त्या म्हणतील, बरं झालं, जाऊ दे एकदाची भवानी. त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, हाताला लागलेलं पीठ झटकलं आणि माझ्याकडे वळल्या. "पोरी, तिला चालू कर. एकदाच कर. मला तिला एक इच्यारायचं हाय."

"काय विचारायचंय?"

"ते तुला काय करायचं? बंद मशीन बोलतं व्हय? चालू झाल्याबिगर कसं इच्यारनार?"

त्या हे थट्टेनं बोलत नव्हत्या. एरवी प्रत्येक वाक्यात खवचटपणा मिसळणारी ही बाई त्या दिवशी माझ्याकडे अशी बघत होती की मला "हो" म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं. माझी नोकरी नवी, समिती मोठी, मशीन माझ्या आजीच्या वयाचं. पण मी हो म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताडपत्री काढली.

तो पावसाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यात मजेचा पावसाळा. बाहेर धरण तुडुंब, सांडव्यावरून पाणी पांढरं होऊन पडतंय, आणि आत आम्ही तेलानं माखलेले. लातूरकडच्या माणसाला एवढं पाणी बघूनच येड लागतं. मी दर तासाला कारण काढून धरणावर जाऊन यायचे. दादांनी बेअरिंग उघडले, साफ केले, नवे पट्टे आणवले. मशीनच्या आतल्या तारांच्या गुंडाळ्यांत ओल धरली होती, ती वाळवायला आम्ही मोठे दिवे लावून सगळं मशीन पोत्यांनी झाकलं. मावशी दुधाची किटली घेऊन आत डोकावल्या, गरम हवा तोंडाला लागली आणि त्यांना हसू आवरेना. "आगं, बाळंतिनीची खोली केलीया नुसती. शेक देताय व्हय तिला? मग डिंकाचे लाडू पन लागतील." दुसऱ्या दिवशी खरंच डिंकाचे लाडू आले. मशीनच्या वाटचे दादांनी खाल्ले.

जसजसा दसरा जवळ आला तसतशी मावशींना धास्ती बसू लागली. शिव्या कमी झाल्या. दूध घालून येताना फाटकाशी थांबून नुसतं आत बघायच्या. मग एक दिवस दुपारी गायब, दुसऱ्या दिवशी पुन्हा गायब. कुठं जाता म्हणून विचारलं तर म्हणायच्या, "काम हाय." उत्रोलीला दिसल्या, विंझरला दिसल्या, कुणी सांगितलं भोरच्या बाजारात बायकांच्या घोळक्यात उभ्या होत्या. मी माझ्याच गडबडीत होते, शेवटच्या आठवड्यात तर धरणावर जायलाही सवड नव्हती. कुठल्या तरी पाहुण्याकडे जात असतील असं धरून चालले.

समिती आली ती सकाळी, तीन माणसं आणि एक जीप. त्यांतले मोठे साहेब उंच, ओठावर ओठ दाबून बोलणारे. बोलणं मुळात कमीच. वीजघरात आल्या आल्या त्यांनी घड्याळ बघितलं. दुपारनंतर त्यांना भोरला आणखी एक काम होतं. मावशी सकाळपासून ठेवणीतलं लुगडं नेसून भिंतीशी उभ्या होत्या. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "त्या घरच्याच आहेत." यात खोटं काही नव्हतं.

दादांनी झडप उघडायला चाक फिरवलं. पाईपात पाणी आल्याचा आवाज आला, खोल, पोटातून आल्यासारखा. धाकटी थरथरली आणि फिरू लागली. आधी जडपणे, मग वेगानं, मग तिचा सूर लागला. दादा माझ्याकडे बघून नुसते मान हलवत होते. बेअरिंग गार, आवाज स्वच्छ, वेग बरोब्बर. मावशींनी दोन्ही हात गालांवर ठेवले होते.

मग आम्ही तिच्यावर विजेचा भार टाकायला सुरुवात केली. थोडा टाकला, ठीक. आणखी टाकला आणि धाकटी कण्हली. वेग उतरायला लागला, दिवे मंदावले आणि खट्ट आवाज होऊन सगळं बंद पडलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तसंच. साहेबांनी पेनचं टोपण काढलं. आवाजात कडवटपणा नव्हता, उलट थोडी माया होती, आणि त्यानंच मला जास्त राग आला. "म्हातारी झालीय, मॅडम. कष्ट केलेत तुम्ही, पण तिच्यात दम उरलेला नाही."

मी पाण्याच्या दाबाच्या काट्यांकडे बघत होते. थोरलीचा काटा ताठ उभा होता. धाकटीचा मात्र, भार टाकला की, खाली बसत होता. धरण एक, पाणी एक, वरची पातळी एक. म्हणजे पाणी तिच्यापर्यंत पुरेसं पोचतच नव्हतं. दोष तिच्यात नव्हता, वर तिच्या पाईपाच्या तोंडाशी काहीतरी होतं. मी कुणाला काही न सांगता बाहेर पडले आणि धरणाच्या पायऱ्या दोन दोन करून चढत सुटले.

वर पोचले आणि बघतच राहिले. धरणाच्या भिंतीवर बायकांची रांग लागली होती. हातात ताटं, ताटांत खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकवाच्या पुड्या. खाली एक टेम्पो उभा, त्यातून आणखी बायका उतरत होत्या. एक पोक्त बाई रांगेला शिस्त लावत होती. "हितनंच सोडा बायांनो, हितनंच. डावं त्वांड धाकटीचं. हितनं सोडलं की सरळ तिच्या पदरात पडतंय. मावशींनी सांगितलंय."

मी वाकून बघितलं. पाईपाच्या तोंडावर लोखंडी जाळी असते, काटक्याकुटक्या आत जाऊ नयेत म्हणून. ती जाळी दिसतच नव्हती. तिच्यावर हिरव्या, लाल, पिवळ्या खणांचे थर चिकटून बसले होते, दोन-तीन साड्या पसरल्या होत्या, त्यावर केळीची पानं, झेंडूच्या माळा, आणि वर नारळ तरंगत होते. धाकटी पाणी ओढायला लागली की हे सगळं आणखी घट्ट बसत होतं. मावशी कुठं जात होत्या ते मला तेव्हा कळलं. त्यांनी गावोगाव फिरून सगळ्या ओळखीच्या बायकांना सांगितलं होतं की धाकटीची ओटी भरा, तिला बळ येऊ द्या. आणि बायकांनी भरली होती, आठवडाभर, मनापासून.

मी एक ओला खण खेचून काढला आणि तसाच हातात घेऊन खाली पळाले. वीजघराच्या दारातच मावशी भेटल्या. त्यांनी खण ओळखला.

"ह्यो हितं कसा?"

"जाळीवर अडकलाय. सगळ्या ओट्या जाळीवर अडकल्यात, मावशी. पाणी जायला वाट नाही."

"जाळी?" त्यांचा आवाज चढला. "तिथं जाळी हाय? तोंडाला जाळी कुनी लावली तिच्या? काय जनावर हाय व्हय ती?" आणि मग बोलता बोलता त्यांना समजलं. त्या पायरीवर मटकन बसल्या. "म्याच गं. म्याच गळा आवळला तिचा."

मी त्यांना कधी एवढं घाबरलेलं बघितलं नव्हतं. त्या दिवशी बघितलं. एवढी मोठ्या तोंडाची बाई एवढीशी झाली होती. मी त्यांच्या शेजारी बसले. आतून साहेबांनी जीपच्या ड्रायव्हरला हाक मारल्याचा आवाज आला.

तो ऐकून मावशी उठल्या. पदर खोचला. "साफ कराया किती येळ लागंल?"

"माणसं मिळाली तर दुपार कलेपर्यंत."

"मानसं वर उभीच हायेत. त्यांना सांग, भरली तशी काढा. सायबाला म्या बघती."

पुढचा भाग मी तुकड्यातुकड्यांनी बघितला, कारण मी धरणावर आणि मावशींच्या घरात अशी धावत होते. दादांनी पाईपाचं दार बंद केलं म्हणजे ओढ थांबली. बायकांनी लुगडी वर खोचली, शेतावरची दाताळी आणली, वेळूच्या काठ्यांना कोयते बांधले आणि ओट्या ओढून काढायला लागल्या. ज्यांनी आदल्या दिवशी हात जोडून सोडल्या होत्या त्याच आता "धर गं, वढ गं" करत खेचत होत्या. काहींना स्वतःचाच खण सापडला आणि ओळख पटली की हसू फुटत होतं. नारळ एका बाजूला रचले. एक तरुण सून माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, हे परत द्यायचे का आमाला? का देवीनं नाकारल्यागत हुतं?" मी म्हटलं, वाटून टाका. तेवढ्यावर सगळ्या खूश.

इकडं घरात साहेब पाटावर बसले होते. मावशींनी त्यांना दारातून जाऊ दिलं नव्हतं. "माज्या घरावरनं उपाशी मानूस जात न्हाई. तुमी सायब आसाल तुमच्या हापिसात." साहेब म्हणाले भोरला जायचंय. मावशी म्हणाल्या, "भोर काय पळून चाललंय? तिथंच हाय ते."

भात रटरटत होता. मुद्दाम उशिरा ठेवलेला होता, हे मला पातेल्याखालचा बारीक जाळ बघून कळलं. साहेबांना आधी नुसतं ताट आलं, मग बऱ्याच वेळानं मीठ, मग लिंबाची फोड. मग घेवड्याचं कालवण आणि एक भाकरी. दुसरी भाकरी थापायला सुरुवात पहिली संपल्यावर. मधल्या वेळात मावशी गोष्ट सांगत होत्या. विंझरच्या लग्नाची सांगितली, साहेब गालात हसले. सुपारीची सांगितली, ते मोठ्यांदा हसले, आणि मग हसू मावळलं. नवऱ्याचा विषय निघाल्यावर मावशींचा आवाज खाली आला होता. साहेबांनी तेव्हा स्वतःहून आणखी भात मागितला.

मी दारातून डोकावून मान हलवली. जाळी मोकळी झाली होती. साहेबांनी हात धुतले, मिशी पुसली आणि म्हणाले, "चला मॅडम. सवतीला आणखी एकदा बघून घेऊ."

वीजघरात गर्दी झाली होती. बायका ओल्या लुगड्यांनी खिडक्यांना लागून उभ्या. दादांनी चाक फिरवलं. पाणी आलं, आणि या वेळी ते नुसतं आलं नाही, आदळलं. धाकटी फिरायला लागली. वेग घेतला. मी भार टाकला, थोडा, मग आणखी, मग अर्धा. काटा हलला नाही. दादांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली आणि उरलेला सगळा भार टाकला. ती किंचित दबली, जशी डोक्यावर भारा घेताना बाई दबते, आणि ताठ उभी राहिली. आवाज एवढा वाढला की छताचे पत्रे गुणगुणायला लागले. दिवे लख्ख. खिडकीबाहेर बायकांनी टाळ्या वाजवल्या, त्या दिसल्या, ऐकू आल्या नाहीत. दादा, ज्यांच्या डोळ्यांत मी कधी पाणी पाहिलं नव्हतं, ते डोळे पुसत होते. मला तर ओरडावंसं वाटत होतं. बहुतेक मी ओरडलेही.

साहेबांनी सगळे काटे एकेक करून वाचले. मग त्यांनी पेन खिशाला लावलं, माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "राहू दे हिला," आणि मागं सरून मावशींना वाट करून दिली.

मावशी पुढं आल्या. सगळ्यांना वाटलं आता शिवी येणार. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला, एखाद्याच्या घरी पहिल्यांदा जाताना करतात तसा. फिरणाऱ्या भागापासून लांब, जिथं हात लावायला हरकत नव्हती तिथं, धाकटीच्या अंगावर तळवा ठेवला. मी शेजारीच होते, त्यांचा तोल जाऊ नये म्हणून दंडाला धरून. त्या वाकल्या. एवढ्या आवाजात शब्द ऐकू येणं शक्य नव्हतं, पण माझा कान त्यांच्या तोंडापाशी होता.

"माजं नाव तरी काढायचे का गं तुज्यापाशी?"

मग त्यांनी लोखंडाला कान लावला. डोळे मिटले. धाकटी आपल्या सुरात चालली होती. मावशी किती वेळ तशा उभ्या होत्या मला सांगता येणार नाही. मधेच त्यांच्या भुवया वर गेल्या, मग ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, आणि मग एकदम त्या लाजल्या. सत्तरीच्या पुढची बाई, पण नव्या नवरीनं लाजावं तशा.

बाहेर आल्यावर, आवाज मागं पडल्यावर, न राहवून मी विचारलं, "काय म्हणाली?"

मावशींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तुला कशाला सांगू? आमच्या दोघींतलं हाय ते."